मावशी हलल्या नव्हत्या

माणूस न हलता किती वेळ उभं राहू शकतं हे ज्याला बघायचं असेल, त्याने आमच्या कलाशाळेत यायला हवं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या वर्गात मधोमध गुडघाभर उंचीचा लाकडी चौथरा होता आणि त्यावर मावशी उभ्या असायच्या. वर्गात माशी शिरली की आम्ही चौदा जण हातवारे करायचो, फडकी झटकायचो. माशी मावशींच्या कपाळावर बसायची, नाकावरून फिरून यायची आणि कंटाळून निघून जायची. मावशी तशाच. मॉडेल म्हणून उभं राहणं हेही एक काम आहे, हे लोकांना पटत नाही. माझ्या आईला तर अजून पटलेलं नाही. तिला वाटतं, उभं तर सगळेच राहतात.

मावशी मुळात झाडलोटीसाठी आल्या होत्या. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी ठरलेली मॉडेल आलीच नाही, तेव्हा सरांनी यांच्या हातातला झाडू काढून घेतला आणि म्हणाले, जरा इथे उभ्या राहा. सर मग फोनवर बोलायला गेले ते बोलतच राहिले. वीस मिनिटांनी मॉडेलला विश्रांती द्यायची असते हे मुलांना ठाऊक होतं, पण कुणी तोंड उघडलं नाही, आणि मावशींना तर काहीच ठाऊक नव्हतं. सर परत आले तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. त्यांनी मुलांची खरडपट्टी काढली आणि मावशींना विचारलं, पाय दुखले का? त्या म्हणाल्या, दुखले, पण तुम्ही उभं राहा म्हणाला होतात. दुसऱ्या दिवसापासून झाडू दुसऱ्या बाईच्या हातात गेला.

मी एकदा त्यांना विचारलं होतं की एवढा वेळ उभं राहून तुम्ही मनात करता काय. त्या म्हणाल्या, घरची कामं उरकते. डोक्यातल्या डोक्यात त्या कपाटं आवरायच्या, गाद्या उन्हात घालायच्या, आणि सगळं आवरून झालं की जावेशी भांडायच्या. "इथे उभ्या उभ्या तिच्याशी हजार भांडणं केली असतील मी," त्या म्हणाल्या, "एकही हरले नाही." आणि हसल्या. विश्रांतीची पाच मिनिटं चालू होती म्हणून हसल्या. पोझमध्ये असत्या तर ओठाचा कोपरासुद्धा हलला नसता.

विश्रांतीत त्या चहाचा कप घेऊन आमच्या इझलांमधून फिरायच्या आणि चित्रं बघायच्या. बरं-वाईट काही बोलायच्या नाहीत. फार तर एखाद्याला म्हणायच्या, हे नाक माझं नाही हं, तुझ्या आत्याचं असेल. स्वतःबद्दल त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता, की आपण हलत नाही. घरी त्यांची मुलगी होती, शिवणकाम करणारी, आणि तिला आईच्या या कामाची लाज वाटायची. शेजाऱ्यांना तिने आई कॉलेजात शिपाई आहे असं सांगून ठेवलं होतं. म्हणजे ज्या गोष्टीचा मावशींना अभिमान होता, ती ऐकून घ्यायला आमच्याशिवाय कुणी नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. मला तेव्हा बरंच काही कळत होतं, आणि म्हणूनच हे सगळं सांगताना स्वतःवर चरफडायला होतं.

आता माझ्याबद्दल. सर चारचौघांत म्हणायचे, "हिचा हात सोन्याचा आणि डोळा खोटारडा." मी रेघ अशी मारायची की बघणारा थांबायचा, पण समोर जे असायचं ते मी काढायची नाही. मान जरा लांबवायची, खांदा जरा उतरवायची, बोटं निमुळती करायची. मुद्दाम नव्हे. मला तसं दिसायचंच. दोन वर्षं मी ते वाक्य ऐकलं आणि दर वेळी सगळ्यांबरोबर हसले. घरी जाऊन रडले नाही, पण जेवलेही नाही.

माझ्या शेजारच्या इझलवर एक मुलगा बसायचा. त्याला आम्ही ओळंब्या म्हणायचो, कारण तो गवंडी वापरतात तसला दोरीला बांधलेला शिशाचा लोळा खिशात घेऊन फिरायचा. एक डोळा मिटून तो दोरी समोर धरायचा आणि मॉडेलचा कान कुठे येतो, गुडघा कुठे येतो, ते ताडून बघायचा. त्याचे वडील गवंडी होते, ओळंबा त्यांचाच. त्याचं चित्र माझ्यासारखं देखणं नसायचं, पण त्यात चूक सापडायची नाही. माझ्या कागदापाशी तो हमखास थांबायचा. तो हळूच म्हणायचा, कोपर जरा खाली हवं होतं का गं? माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण कोपर खरंच खाली हवं असायचं.

वरच्या वर्गात, म्हणजे जिथे स्वतःची खोली, स्वतःचा उजेड आणि आणखी दोन वर्षं मिळतात तिथे, दर वर्षी एकच जागा असायची. चौदा जण, एक जागा. बारा जणांनी ती आमच्या दोघांसाठी मनातल्या मनात सोडून दिली होती. मला ती मिळाली नाही तर मी मामाच्या छापखान्यात बसून बिलबुकं आणि व्हिजिटिंग कार्डं काढणार हे घरी ठरलेलं होतं. मामाने टेबल पुसूनही ठेवलं होतं. तो मायाळू माणूस आहे, त्याने टेबलावर माझ्यासाठी पेन्सिलींचा डबाही आणून ठेवला होता. मी तो डबा उघडूनही पाहिला नव्हता.

जागा मला मिळाली. हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको.

परीक्षा पाच दिवसांची असायची. एकच मॉडेल, एकच पोझ, सोमवार ते शुक्रवार रोज चार तास, आणि प्रत्येकाला शिक्का मारलेला एकच कागद. फाटला, खराब झाला, तर दुसरा नाही. इतके दिवस एकच पोझ चालवायची तर मॉडेलला विश्रांतीनंतर आणि दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच जागी परत यावं लागतं. त्यासाठी सोमवारी सकाळी मावशी उभ्या राहिल्या की सर स्वतः वाकून चौथऱ्यावर खडूने खुणा करायचे. प्रत्येक पावलाला दोन रेघा, एक अंगठ्यापुढे, एक टाचेमागे. मावशी परत आल्या की पावलं त्या रेघांमध्ये बसवायच्या, समोरच्या भिंतीवर विजेच्या बटणांचा बोर्ड होता त्यावर नजर लावायच्या, की झालं. चौदा जणांची पाच दिवसांची मेहनत त्या चार रेघांवर उभी असायची. त्या रेघांना कुणी हात लावायचा नाही असा नियमसुद्धा कुठे लिहिलेला नव्हता. मेलेल्या माणसाचे खिसे तपासू नयेत असा नियम कुणी लिहून ठेवतं का?

पहिल्या दिवशी मी सगळ्यांत आधी मांडणी संपवली. दुसऱ्या दिवशी कोळसा असा चालला की मागच्या दोन मुली काम सोडून माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. मावशींचा भार डाव्या पायावर, उजवा गुडघा सैल, कमरेपासून अंग किंचित खिडकीकडे वळलेलं, मानेवर उजेड. वेळ संपता संपता मी ऐटीत चित्रावर फिक्सेटिव्ह मारलं. ते मारलं की कोळसा कागदाला पकडून बसतो, मग पुसता येत नाही. बाकी कुणी इतक्या लवकर मारलं नव्हतं. त्याच दिवशी दुपारी मावशींनी पहिल्यांदाच गुडघा धरून सरांकडे दोन मिनिटं मागून घेतली होती, सगळ्यांनी ते पाहिलं होतं. ते पुढे उपयोगी पडलं. कुणाच्या उपयोगी, ते कळेलच.

कागद जमा करताना मी ओळंब्याच्या चित्रावर सहज नजर टाकली आणि जागच्या जागी थिजले. आमचे इझल एकमेकांना खेटून होते. आम्हाला मावशी जवळजवळ सारख्याच दिसायला हव्या होत्या. त्याच्या मावशी समोर बघत होत्या. माझ्या खिडकीकडे वळल्या होत्या. मी चौथऱ्याकडे वळून पाहिलं. मावशी उतरत होत्या, पण खुणा तिथे होत्या, आणि खुणा त्याच्या बाजूने होत्या. वळलेल्या मावशी जास्त सुंदर दिसतात म्हणून मी त्या वळलेल्या काढल्या होत्या. चित्र डोक्यापासून पायापर्यंत एकसंध होतं, कुठेही तडजोड नव्हती, फक्त ती पोझ समोर नव्हतीच. आणि ते फिक्स केलेलं होतं.

रात्रभर काय केलं ते सांगण्यासारखं नाही. बुधवारी सकाळी साडेसातला मी शाळेत होते. झाडणारी बाई तळमजल्यावर होती, वर्ग उघडा होता, खिडक्यांतून चांगलं लख्ख ऊन आत आलं होतं. मी अंधारात चोरी केली असती तर मला स्वतःबद्दल थोडं बरं वाटलं असतं. मी ओल्या फडक्याने अंगठ्यांपुढच्या दोन रेघा पुसल्या, लाकूड वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि दोन बोटं खिडकीच्या बाजूला नव्या मारल्या. टाचेच्या तशाच ठेवल्या. टाच तिथेच ठेवून पाऊल फिरवलं की गुडघा फिरतो, गुडघा फिरला की कंबर फिरते. शरीररचनेच्या पेपरात मला चांगले गुण होते. चित्र सुधारता येत नव्हतं म्हणून मी बाईच सुधारली.

दहा वाजता मावशी चौथऱ्यावर चढल्या. पावलं रेघांमध्ये बसवली, मान वर केली आणि थांबल्या. पुन्हा खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"सर, खुणा चुकल्यात," त्या म्हणाल्या.

सर म्हणाले, नीट बघा, कशा चुकतील. मावशी म्हणाल्या, बटणांचा बोर्ड रोज माझ्या नाकासमोर असतो, आज तो बाजूला गेलाय. "एकतर भिंत सरकलीय, नाहीतर खुणा." वर्ग हसला. मीही हसले. सर वाकले, रेघा बघितल्या, पांढऱ्याशुभ्र आणि धड होत्या. ते प्रेमानेच म्हणाले की मावशी, भिंतही सरकत नाही आणि खडूही सरकत नाही. काल तुमचा गुडघा दुखत होता. तो सांभाळताना तुम्ही हळूहळू फिरला असाल आणि तुम्हाला तेच अंगवळणी पडलं असेल. आता रेघांवर राहा.

मावशी रेघांवर राहिल्या. आणि मग मी जे पाहिलं ते मी विसरू शकलेले नाही. बारा जणांनी आपापल्या चित्राकडे बघितलं, मावशींकडे बघितलं आणि निमूटपणे रबर हातात घेतलं. एकाच्याही मनात आलं नाही की समोरचं बदललंय. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं की चूक नेहमी डोळ्याची असते, मॉडेलची नसते. ती शिकवण त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की दोन दिवसांचं बरोबर काम त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं. समोरच्या इझलवरची एक मुलगी पुसता पुसता रडत होती आणि पुटपुटत होती, मी मूर्ख आहे, मी मूर्ख आहे.

ओळंब्याने पुसलं नाही. त्याने दोरी धरली, डोळा मिटला, पुन्हा धरली. मग उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मावशींचं बरोबर आहे. काल अंगठा चौथऱ्याच्या तिसऱ्या फटीवर होता. आज तो चौथ्या फटीकडे गेलाय."

सर चिडले. शुक्रवारी कागद जमा व्हायचे होते, पुढच्या गुरुवारी बाहेरचे परीक्षक यायचे होते, आणि खुणा चुकल्या असं म्हटलं की सगळी परीक्षाच पुन्हा घ्यावी लागली असती. ते प्रत्येकाच्या मागे जाऊन चित्र आणि मावशी ताडून बघत निघाले. एकाचंही जुळत नव्हतं. माझ्यापाशी आले आणि बराच वेळ उभे राहिले. मी मागे वळून पाहिलं नाही. 

"तुमच्यात हिनं एकटीनं खुणांवरची पोझ काढलीय," सर म्हणाले. "बाकीचे सगळे मावशींबरोबर वाहवत गेलात. दोन वर्षं मी या मुलीच्या डोळ्याला नावं ठेवली. आज माझे शब्द मागे घेतो."

मला भीती वाटायला हवी होती, लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला. घशापर्यंत आला आनंद. दोन वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते मी चोरून आणलेलं होतं, तरीही ते गोड लागलं. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते, पण लागलं हे खरं आहे.

उरलेले तीन दिवस मावशी आधीपेक्षाही घट्ट उभ्या राहिल्या. विश्रांतीत खाली उतरल्या नाहीत, चहा घेतला नाही, कुणाचं चित्र पाहिलं नाही. जागा सुटेल म्हणून चौथऱ्यावरच बसायच्या, पावलं रेघांमध्ये तशीच ठेवून. गुरुवारी मी सरांच्या खोलीपर्यंत गेले होते. दार अर्धं उघडं होतं आणि ते फोनवर कुणाला तरी सांगत होते की यंदा एका मुलीने मला चकित केलं. मी उलटपावली परत आले. शुक्रवारी मावशींचा गुडघा सुजला. सरांनी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले, खूप वर्षं केलंत, आता आराम करा म्हणाले. पुढच्या महिन्यापासून एक तरुण मुलगी येणार होती. मावशींनी मान हलवली, आपला डबा पिशवीत घातला आणि गेल्या. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

मंगळवारी मी खालच्या मोरीत ब्रश धूत होते. ओळंब्या शेजारच्या नळावर आला आणि नळ सोडून नुसताच उभा राहिला.

"तू केलंस," तो म्हणाला.

मी म्हटलं, पुरावा दाखव. तो म्हणाला, पुरावा तुझं चित्रच आहे, पण तो मलाच वाचता येतो. सरांकडे जाऊ शकतो, पण जाणार नाही. "मी बोललो तर जागा जातेय म्हणून रडतोय असंच म्हणतील. तू बोललीस तरच ते खरं ठरेल." मी ब्रश धूत राहिले. तो स्वच्छ झालेला होता, तरी धूत राहिले. मग तो म्हणाला, जागेचं जाऊ दे, जागा घे तू. पण मावशींच्या घरी एकदा जाऊन ये. त्या फरशीवर खडूने खुणा करतात आणि दिवसभर त्यात उभ्या राहतात. हलतो का ते बघतात. "मी सांगून आलो, तुम्ही हलला नव्हतात. माझ्यावर विश्वास नाही त्यांचा."

एवढं बोलून त्याने पत्ता लिहिलेला कागद मोरीच्या कठड्यावर ठेवला आणि गेला. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित गेले नसते.

बुधवारी दुपारी तीनला गेले. परीक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. म्हणजे अजून वेळ होता. मी वाटेत सगळं ठरवून टाकलं होतं. आधी मावशींना सांगायचं, मग तिथूनच सरांकडे जायचं. सर मला काढून टाकतील, आई महिनाभर बोलणार नाही, मामा टेबल देईल. मावशी पुन्हा चौथऱ्यावर येतील. बोलायचं वाक्य मी तयार केलं होतं आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीला म्हणत होते: मावशी, खुणा मी सरकवल्या. चार शब्द होते. तिसऱ्या मजल्यापर्यंत ते मला पाठ झाले होते.

दार मुलीने उघडलं. तिच्या गळ्यात टेप होती आणि ओठांत टाचणी. मी कोण ते सांगितल्यावर तिने टाचणी काढली आणि दार अर्धवट ओढून घेऊन हळू आवाजात म्हणाली, बरं झालं आलात. ती खात नाही नीट. रात्री उठूनसुद्धा उभी राहते. मला समोर बसवते आणि विचारते, हलले का. मी नाही म्हटलं की म्हणते, तुला काय कळतंय त्यातलं. "तुम्ही शिकलेल्या आहात. एकदा सांगून टाका तिला, की ती हलली नव्हती. तेवढ्यासाठी पाया पडेन तुमच्या."

आईच्या कामाची लाज वाटणारी मुलगी ती हीच होती.

आत एकच खोली होती. खिडकीशी शिवणयंत्र, पलीकडे ओटा, एका भिंतीला आरशाचं कपाट, आणि कपाटासमोर फरशीवर चार रेघा. मावशी त्यात उभ्या होत्या. मला बघून बाहेर आल्या, हसल्या, माझा हात धरून खाटेवर बसवलं. चेहरा आठवड्यात उतरला होता. त्यांनी परीक्षेचं विचारलं, निकाल कधी म्हणाल्या, तुलाच मिळणार म्हणाल्या. मी तोंड उघडलं तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं.

"आधी माझं ऐक. तुझ्या शेजारचा तो ओळंबेवाला आला होता. म्हणाला, मावशी, तुम्ही हलला नव्हतात. गुणी मुलगा आहे. त्याचं चित्र माझ्यामुळे गेलं आणि तरी माझं मन राखायला आला. तू मन राखणारी नाहीस. तुझा डोळा खरा आहे, सर सगळ्यांसमोर म्हणाले तसं. वर्गात एकट्या तुलाच मी जशी होते तशी दिसले. म्हणून तुला विचारते, आणि तू सांगशील ते मी धरून चालेन. मी हलले होते का?"

लोक म्हणतात, अशा वेळी काय झालं ते कळत नाही. मला कळतं. मी जिन्यावर पाठ केलेले चार शब्द जिभेवर होते. मुलगी यंत्रापाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. आणि मावशी माझ्याकडे अशा नजरेने बघत होत्या की तसं आजवर कुणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, आईने नाही, सरांनी नाही. एका खऱ्या डोळ्याच्या माणसाकडे बघावं तसं. ते चार शब्द बोलले असते तर ती नजर गेली असती. जागेसाठी मी ते बोलले नाही असं सांगितलं तर लोक समजून घेतात, म्हणून मी बरीच वर्षं तसंच सांगत आले. जागेसाठी नाही. त्या नजरेसाठी.

"हलला होतात, मावशी," मी म्हटलं. "थोड्या."

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मग पाठ फिरवली. मावशींनी मान डोलावली, एकदा, सावकाश. दुखतंय कुठे ते डॉक्टरने बरोबर सांगितल्यावर माणूस डोलावतो तशी.

"तेव्हाच? का आधीपासून?"

फक्त तेव्हाच, इतकं म्हणायला काहीच लागत नव्हतं. मी म्हटलं, मी कसं सांगू, मी दोनच वर्षं आहे.

"म्हणजे आधीपासून," त्या म्हणाल्या.  फरशीकडे बघत होत्या. "इतकी पोरं आली आणि गेली. माझ्यामुळे किती जणांची चित्रं चुकली असतील. आणि एकानेही सांगितलं नाही गं. सगळी माझं मन राखत होती."

मी तेव्हाही बोलू शकत होते. खाटेवरून उठेपर्यंत बोलू शकत होते. त्यांनी चहा टाकला, मी तो घेतला, सगळा प्यायले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, खरं बोललीस, तुझं चांगलं होईल. मुलीला म्हणाल्या, बघ, मी सांगत नव्हते? तू उगाच माझी समजूत घालत होतीस.  मुलीने कापड यंत्राखाली सरकवलं आणि शिवायला लागली.

मी निघाले तेव्हा मावशी दारापर्यंत पोचवायला आल्या. खोली जेमतेम आठ पावलांची होती. तेवढ्या अंतरात त्यांनी आधी खाटेचा कठडा धरला, मग कपाट धरलं, मग भिंतीला हात लावून चालल्या. गुडघा आता बरा होता, मी विचारलं होतं. मी म्हटलं, येते मावशी. त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सावकाश उतर.